मास्कखालचं बोट

जमुनाबाईंना मशीनमधलं काही कळत नसे, पण बोटाला लावायच्या चिमट्यावरचा आकडा त्या डॉक्टरांच्या बरोबरीनं वाचत. कोरोनाच्या साली नवऱ्याच्या, पुंजारामच्या, बोटाला तो चिमटा लावून त्या उशाशी बसल्या होत्या. आकडा नव्वदच्या खाली उतरला, सिलिंडर काही मिळेना, आणि गाडी अकोटहून अकोल्याला पोचायच्या आत सगळं आटोपलं. तेव्हापासून ऑक्सिजन ही त्यांच्या लेखी देवाच्या खालोखालची गोष्ट होती.

आणि आता अमरावतीच्या या दवाखान्यात त्यांच्या पोटच्या पोराला तोच ऑक्सिजन मुद्दाम कमी देणार होते.

शुभम भाजीची पोती लादायला मेटॅडोरच्या टपावर चढला होता, तिथून मानेवर पडला. मानेतला मज्जारज्जू चेंगरला. तुटला नाही, एवढं देवानं राखलं. वर्षभरात पाय बऱ्यापैकी परत आले, कुणाचा खांदा धरून तो घरभर चालू लागला. हात मात्र आले नाहीत. उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती. पंचविशी ओलांडलेल्या धडधाकट पोराला रोज भरवायचं, आणि भरवताना त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हे ज्या आईवर आलंय तिलाच कळेल.

दवाखान्यातल्या प्राजक्तानं, ती व्यायाम करून घेणारी पोरगी, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मास्कमधून एक मिनिट विरळ हवा द्यायची, उंच डोंगरावर असते तशी. मग एक मिनिट आपली साधी हवा. असं आलटून पालटून. ऑक्सिजन घटकाभर कमी पडला की शरीर खडबडून जागं होतं, आणि मणक्यातल्या ज्या वाटा शाबूत राहिल्यात त्यांना जोर येतो. त्याच जोरावर लगेच हाताचा व्यायाम. "अजून अभ्यास चालू आहे, काकू. गुण येईलच असं मी म्हणणार नाही. आणि हे फक्त इथं, आमच्या नजरेखाली. घरी नाक दाबून बसायचं नाही."

"जीव घुसमटवते ते कोणती दवाई वं, बाई?" जमुनाबाई म्हणाल्या. पण संमतीच्या कागदावर सही शुभमच्या अंगठ्याची होती, आणि त्यानं तो आनंदानं टेकवला.

पहिल्या दिवशी मशीनच्या पडद्यावरचा आकडा अठ्ठ्याण्णववरून घसरत पंच्याऐंशीला आला आणि जमुनाबाईंना समोर शुभम दिसेना, पुंजाराम दिसायला लागला. पुढच्याच मिनिटाला आकडा आपसूक वर चढला, पण ते पाहायला त्यांचे डोळे उघडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल पोराच्या उशाशी ओढून घेतलं. पदरानं त्याचा घाम पुसायचा आणि पुसता पुसता करंगळी मास्कच्या कडेखाली सरकवायची, एवढाच उद्योग. बाहेरची हवा आत जायची आणि आकडा जागचा हलायचा नाही. प्राजक्तानं नळ्या तपासल्या, मास्क बदलला, शेवटी नागपूरहून मेकॅनिक बोलावला. तो बिचारा दिवसभर मशीन उघडून बसला आणि त्याला काही सापडेना. सापडणार कसं, दोष स्टुलावर बसून त्याला चहा विचारत होता. "बिघडते बाप्पा मशीन," जमुनाबाई त्याचीच समजूत घालत होत्या.

इकडे व्यायामाच्या वेळी शुभमच्या तळहातावर स्पंजचा चेंडू ठेवत, आणि तो तसाच घरंगळून खाली जाई.

मुक्काम जमुनाबाईंच्या भावाकडे, नत्थुजीकडे होता. त्याचं भाजीचं दुकान. बाईंना रिकामं बसवत नाही, म्हणून सकाळी दवाखान्यात निघण्याआधी त्या त्याच्या सांबाराच्या जुड्या बांधून देत. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि तिचा वास बोटांना एकदा लागला की जाता जात नाही.

त्या संध्याकाळी त्या शुभमला झुणका-भाकर भरवत होत्या. तो म्हणाला, "माय, तुह्या बोटाले सांबाराचा वास येते."

"येईनच. सकायी जुड्या बांधतो न मी."

"मास्कमंदीबी येते."

घास हातातच राहिला.

"पयले मले भास वाटला," शुभम म्हणाला. "मंग आज मेकॅनिकचं तोंड पाह्यलं, अन् समजलं. काहून करून राहिली तू असं?"

"तुह्या बापाचा आकडा असाच उतरला होता रे. मले नाई पाहवत."

"बाबाचा उतरला तो चढला नाई. माहा चढते. तू डोये मिटून घेते, म्हणून तुले दिसत नाई. तू हायेस तोवर भरवशीन. मंग कोण भरवीन, माय?"

उरलेली भाकर जमुनाबाईंनी त्याला भरवली.

सकाळी त्या थेट प्राजक्तासमोर उभ्या राहिल्या. "तुही मशीन चांगली हाये, बाई. बोट माहं होतं."

प्राजक्ता आधी भडकली. भडकायचीच, मेकॅनिकची बोलणी तिनं खाल्ली होती. मग कोरोनाचं सगळं ऐकल्यावर तिनं स्टूल उशाशी न ठेवता पडद्यासमोर ठेवलं. "इथं बसा. डोळे उघडे ठेवायचे, एवढीच अट."

जमुनाबाईंनी डोळे उघडे ठेवले. आकडा उतरला. त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली. मिनिट सरलं, प्राजक्तानं कळ फिरवली, आणि आकडा चढायला लागला. चढत चढत जागेवर आला. पुन्हा उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं, की आपणही श्वास घेतोय. इतक्या वर्षांचा धोंडा छातीवरून उतरला आणि त्यांना चक्क भूक लागली.

त्यानंतर रोज तेच. विरळ हवा, मग व्यायाम. चेंडू घरंगळायचा थांबला, मग बोटांत अडकून राहू लागला. प्राजक्ता कौतुक करी, पण घाईनं काही बोलत नसे. जमुनाबाई आता पुन्हा उशाशी बसत. तेवढा विश्वास त्यांनी कमावला होता.

एका सकाळी विरळ हवेच्या मिनिटातच शुभमला ठसका लागला. आकडा खाली, पोरगा खोकतोय. जमुनाबाईंना काही कळायच्या आत त्यांचा हात मास्ककडे गेला.

तो पोचलाच नाही. शुभमचा उजवा हात खाटेवरून वर आला आणि त्याची बोटं आईच्या मनगटावर मिटली. हळूच, थरथरत, पण पाचही. खोकत खोकतच त्यानं मान हलवून नको म्हटलं.

प्राजक्ता पडदा सोडून त्या हाताकडे बघत राहिली. जमुनाबाईंनी नुसता झटका दिला असता तरी मनगट सुटलं असतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी दुसरा हातही उचलला नाही.

"अजून जोरानं धर," त्या म्हणाल्या.

त्यानं धरलं.