पाच फ्रँकची खुर्ची

ईश्वर पुरवील, असं माझ्या कडेवर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. काय पुरवील आणि कधी, ते लिहायला कडेवर जागा उरली नसावी. मित्रांनो, मी स्वित्झर्लंडचं पाच फ्रँकचं एक जुनं नाणं आहे. सध्या मुक्काम सोलापूर.

माझा जन्म बर्नच्या टांकसाळीतला. वजन तेरा ग्रॅम, अंगावर एका गुराख्याचा चेहरा. तिकडे तीसेक वर्षं इमानेइतबारे नोकरी केली. पावाच्या दुकानात, तिकिटाच्या यंत्रात, एकदा चर्चच्या पेटीत. कौतुक कुणी केलं नाही. माझ्यात एक कॉफी यायची, तेवढीच माझी ओळख.

मला पहिल्यांदा निरखून पाहिलं ते गुरप्पांनी. हे शाळेतले निवृत्त हेडक्लार्क, मूळ मैंदर्गीचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने, सोमेशने, आईवडिलांना आठ दिवसांच्या सहलीला पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी गुरप्पांनी दहाची नोट मोडून पाण्याची बाटली घेतली आणि सुट्ट्यात मी आलं.

"हेमा, हा आपल्या गावच्या गुरं राखणाऱ्या तिप्पण्णासारखा दिसतोय की," ते बायकोला म्हणाले. मग रुपये काढायला त्यांनी मला शंभराने गुणलं आणि बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. नळाचं पाणी फुकट असतं, हे त्यांना दुपारी कळलं. रात्री ते नीट जेवले नाहीत. तेव्हापासून मी त्यांच्या पोटाला बांधलेल्या पट्ट्यात होतं.

हेमावतीबाईंना आठ दिवसांत एकच गोष्ट हवी होती. ल्युसर्नच्या तळ्याकाठी एका हॉटेलाने खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे बसून एक कॉफी. मध्येच उठून कुणाला काही वाढायचं नाही.

"अहो, पाचच लिहिलंय. बसू की."

"पाचशे म्हण. तेवढ्यात आपल्या स्टँडसमोर पंचवीस कॉफ्या येतात."

"पंचवीस कोण पिणार हाय?"

"अगं, तळं हितनं पण दिसतंय की."

तळं खरंच तिथून दिसत होतं. दोघांनी ते उभ्याने पाहिलं आणि पिशवीतली कडक भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली. "सोलापूरला गेलो की ह्याचे रुपये करू," गुरप्पा म्हणाले. "मग तू म्हणशील तितं बसवतो." हेमावतीबाई 'बरं' म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडात बसलेला आहे.

सोलापुरात परकीय चलन बदलून देणाऱ्या दुकानात भार्गवी नावाची मुलगी होती. तिने मला हातही लावला नाही.

"काका, नोटा घेतो. नाणी घेत नाही."

"अगं, खरं हाय ते."

"खरंच आहे. पण तिथंच चालतं."

"मग आता परत जावं लागतंय व्हय?" हेमावतीबाईंनी विचारलं. गुरप्पांकडे न बघता.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. परदेशातून नोटा परत आणता येतात. सुटे तिथंच खर्चून या. आणि कुणी बसू म्हणालं, तर बसा.

त्या संध्याकाळी हेमावतीबाईंनी कॉफी केली, एकच कप. त्यांच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्यांनी मला त्या पायाखाली सरकवलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

टेबल अजून हलतं.