बोळात अडकलेला टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे. तीन चाकांचा, पुढे निमुळत्या नाकाचा आणि मागे लाकडी फळ्यांच्या हौद्याचा. माझ्यासारखे आता रस्त्यावर फारसे दिसत नाहीत. मी बरीच वर्षं धावलो, घाट उतरलो, चिखलात रुतलो. पण जिवाला खरी भीती वाटली ती घरी, जागच्या जागी उभा असताना.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला. हौदा अंबाजोगाईच्या सुताराने बसवला आणि तिथल्याच रंगाऱ्याने माझ्या कपाळावर ‘वैजनाथ प्रसन्न’ असं लिहिलं. मला घेतलं घाटनांदूरच्या संगमेश आप्पांनी. त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि माल घराच्या मागच्या अंगणात राहायचा. रस्त्यापासून अंगणापर्यंत एक बोळ होता. एका बाजूला आप्पांची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारी राधाकिशन यांची. बोळ दोघांचा सामाईक. मी त्यातून मागे-मागे येत अंगणात शिरायचो, तेव्हा दोन्हीकडे वीतभर जागा उरायची.

ते दिवस चांगले होते. युसूफ वडगावच्या बाजारात मी पोहोचलो की म्हशीवाले माझ्याभोवती गोळा व्हायचे. ‘आप्पाचा टेम्पो आला की म्हैस दूध चोरत न्हाई,’ असं ते म्हणायचे. आप्पांच्या आई शांतादेवी, ज्यांना सगळं घर अव्वा म्हणे, दर सोमवारी माझ्या कपाळाला विभूतीची तीन बोटं लावायच्या.

मग गावोगाव टेलिफोनच्या टपऱ्या उगवू लागल्या. राधाकिशन यांनीही परवाना मिळवला. शेतीवाडीचा माणूस, गावात वजन असलेला. त्यांनी पिवळ्या रंगाची पत्र्याची टपरी आणली आणि रस्त्यावरून दिसावी म्हणून नेमकी बोळाच्या तोंडाशी ठेवली. त्या दिवशी मी अंगणात होतो. माझं मागचं चाक पंक्चर काढायला गेलं होतं. चाक परत आलं, पण मला बाहेर पडायला वाट उरली नव्हती.

आप्पा भांडायला गेले, तेव्हा राधाकिशन हसून म्हणाले, “आप्पा, कावून तापता? माणूस जातो, सायकल जाती, उद्या येळ आली तर तिरडीबी निघंल. अजून काय पायजे?”

दारात बसलेल्या अव्वांनी हे ऐकलं.

मित्रांनो, टेम्पोचं मरण धावताना येत नाही. उभं राहिलं की येतं. माझी बॅटरी उतरली. उंदरांनी वायर कुरतडली. आप्पांनी भाड्याची बैलगाडी आणली आणि पोती बोळातून पाठीवर वाहून तिच्यात भरली जाऊ लागली. वकिलाने सांगितलं की दाव्याला वर्षं लागतील. घरात भंगारवाल्याचं नाव निघालं, तेव्हा माझा पत्रा गार पडला.

पण त्याहून मोठी भीती सटवाची होती. सटवा म्हणजे राधाकिशन यांचा सालगडी. त्याला टपरीवर बसवलं होतं. तो अंगणाच्या कडेला येई, माझ्या ताडपत्रीला पाठ टेकवी आणि बिडीसाठी काडी ओढी. माझ्या टाकीत अजून डिझेल होतं. एकदा आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो म्हणाला, “टपरीला कुणी हात लावला, तर ह्या डब्याला काडी लागंल.”

“लावून तर बघ बे!” आप्पा ओरडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वडगावच्या दोन्ही मेहुण्यांना निरोप धाडला. गुरुवारी पहारी घालून टपरी उलथायची, असं ठरलं. आप्पांनी पहारी आणून माझ्याच हौद्यात ठेवल्या. त्यांचं गार लोखंड माझ्या फळ्यांना टेकलं आणि मला एकच कळत होतं. पहिली पहार टपरीवर पडली, की दुसऱ्या क्षणी मी पेटणार. माझ्यामागे कडब्याची गंजी होती, गंजीमागे घर होतं.

गुरुवार उजाडला. मेहुणे आले. बोळाच्या तोंडाशी राधाकिशन यांची माणसं उभी राहिली. सटवा मात्र माझ्याजवळच होता आणि त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता.

तेवढ्यात अव्वा बाहेर आल्या. स्वच्छ पांढरं लुगडं, कपाळभर विभूती. त्या मेहुण्यांना म्हणाल्या, “पहारी ठेवा. दुकानातली खुर्ची आणा.” खुर्ची आली. अव्वा तिच्यावर मांडी घालून ताठ बसल्या आणि डोळे मिटले. “आता उचला मला. रस्त्यावर न्या.”

मेहुण्यांचे चेहरे उतरले. पण अव्वांचा शब्द मोडायची पद्धत त्या घरात नव्हती. दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची खांद्याच्या उंचीला उचलली. मित्रांनो, आप्पांच्या समाजात मयताला निजवून नेत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि सजवलेल्या विमानातून, म्हणजे खांद्यावरच्या मखरातून, ताठ बसलेलंच नेतात. गावाला हे ठाऊक होतं.

खुर्ची टपरीपाशी आली आणि अडकली. एका मेहुण्याचा खांदा भिंतीला घासला, दुसऱ्याची कोपरं पत्र्यावर आपटली.

“जरा वाकडी धरा की,” मागून सटवा म्हणाला.

“गप बे!” राधाकिशन कडाडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “काकू, उतरा. जित्या माणसानं असं अभद्र करू न्हाई.”

अव्वांनी डोळे उघडले. “अभद्र तू बोललास, राधाकिसन. तिरडीचं माप तू काढलंस. तुमचं माणूस आडवं जातं, आमचं बसून जातं, हे इसरलास. तुझा बाप गेला तवा पयला खांदा माझ्या मालकानं दिला. आता तूच सांग, मी कशी जाऊ? वाकडी करून न्यायची का मला?”

राधाकिशन यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग आपल्या माणसांना म्हणाले, “घ्या उचलून. आपल्या ओट्यावर ठेवा.”

टपरी हलली. अव्वा मात्र उतरायला तयार नव्हत्या. “आदी माप,” त्या म्हणाल्या. खुर्ची, तिच्या दोन्ही बाजूंचे खांदेकरी आणि हात मोकळा हलण्याइतकी जागा, एवढं धरून राधाकिशन यांनी स्वतः जमिनीवर चुन्याची रेघ मारली. त्या मापात मी सहज बसत होतो.

आप्पा माझ्या सीटवर बसले. चावी फिरवली, पण बॅटरी मेलेली. मला धक्क्याची गरज होती. मेहुणे आले, राधाकिशन यांची माणसं आली. शेवटी एक हात माझ्या मागच्या फळीला टेकला आणि त्या तळव्याला रॉकेलचा वास होता.

“आप्पा, गेर टाका,” सटवा म्हणाला. “मी लावतो जोर.”

मित्रांनो, तुमच्या दाराजवळून कुणाची वाट जात असेल, तर तिच्यात काही ठेवण्याआधी त्या घरात जाऊन विचारा, की इथून काय काय बाहेर पडतं. फक्त सायकलीचं माप धरू नका. आणि अंगणात एखादं जुनं वाहन नुसतंच उभं असेल, तर त्याला अधूनमधून रस्त्यावर काढा. उभं राहिलं, की फार भीती वाटते हो.