साहेब, सलामी घ्या!

मी एक जुना बांबूचा भोंगा आहे. हातभर लांब, एका टोकाला फुंकायचे भोक, अंगावर एक तडा आणि तड्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. मित्रांनो, मला बघून हसू नका. या फुटक्या अंगाने एका बड्या साहेबाला गार खोलीतून भर उन्हात आणले आहे.

मी हैतीचा. लेओगानजवळच्या नदीकाठी वाढलो. मला वाजवणाऱ्या वोल्नीच्या मामाने मला तोडले, तापल्या सळईने आतली गाठ जाळली आणि माझ्याच बेटातले आणखी काही बांबू कमीजास्त लांबीचे कापले. कारण आमच्यापैकी एकालाही गाणे येत नाही. प्रत्येकाला एकच सूर. माझा झाला की शेजाऱ्याचा, मग त्याच्या शेजाऱ्याचा, असे फिरत फिरत गाणे होते. एकटा वाजलो तर गाय हंबरल्यासारखा वाटतो.

ईस्टरच्या आधी आमचा ताफा गावोगाव नाचत निघायचा. वोल्नी एका हाताने मला तोंडाशी धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या काडीने माझ्या पाठीवर ठेका धरायचा. मोठ्या माणसाचे दार आले की ताफा थांबायचा आणि सलामी वाजवायचा. सलामी झाली की त्या माणसाने स्वतः बाहेर यायचे, नोकराला पाठवायचे नाही, आणि ताफ्याला काही तरी द्यायचे. नाही आला तर त्याच्या नावाचे गाणे व्हायचे. आमची ती गाणी सभ्य नसतात, म्हणून इथे देत नाही. पोरे माझ्यामागे धावायची, म्हातारे म्हणायचे, "काय वाजतो रे हा!" ते माझे सुखाचे दिवस.

मग गावात काम उरले नाही. वोल्नी आणि त्याची बायको फिलोसिया सरहद्द ओलांडून शेजारच्या देशातल्या सान तेलेसोला आली. तो इमारतींवर गवंडीकाम करी, ती चौकात तळलेली केळी विकी. मला दारामागच्या खिळ्याला टांगले.

"वाजवू नकोस हं," फिलोसियाने त्याला बजावले. "आवाज ऐकला की आपण हैतीचे ते ओळखतील."

ओळखले की इथल्या सरकारचा जाळीचा ट्रक येई, आणि माणसे कोंबड्यांसारखी भरून सरहद्दीवर ओतली जात. ज्यांनी या गावाच्या भिंती उभ्या केल्या, त्यांनाच त्या भिंतींआडून ओढून काढत. मी वर्षानुवर्षे मुका राहिलो. माझ्यावर मोजे वाळत पडत.

पण खरे सांगू? माझा जास्त राग आहे तो आमच्याच देशाच्या वकिलातीवर. परक्या मुलखात आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहायचे, एवढ्याचसाठी तिथे खुर्च्या टाकल्या आहेत. वोल्नीने पासपोर्ट नवा करायला दिला होता. राहण्याचा परवाना त्याच पासपोर्टात चिकटवलेला, आणि पासपोर्ट वकिलातीच्या कपाटात. तो मागायला गेले की खिडकीतला कारकून म्हणे, "छपाई चालू आहे." एवढ्यात वोल्नीला कामावरून उचलले. परवाना दाखव म्हणाले. काय दाखवणार, वकिलातीचे कपाट?

शुक्रवारी सकाळी फिलोसिया खिडकीपाशी गेली. वोल्नीला शनिवारी पहाटेच्या ट्रकमध्ये घालणार होते.

"साहेबांनी एकदा कोठडीवर येऊन पासपोर्ट दाखवला तर सुटेल हो तो!"

"छपाई चालू आहे, बाई."

"वर्ष झालं! पासपोर्ट छापताय की बायबल?"

"अशी भाषा करता म्हणून इथे आपली इज्जत नाही," असे म्हणून त्याने पुढच्याला हाक मारली. "एकेक जण या! एकेकट्यानेच बोला!"

फिलोसिया थेट इल्फ्राँकाकाकडे आली. हा आमच्या ताफ्याचा जुना म्होरक्या, ताफ्यातल्या बऱ्याच जणांसारखा इकडे आलेला. आता रस्त्यावर जोडे शिवतो.

"रांगेत रडलीस ना? एकटीच?" काकाने सुई खाली ठेवली. "पुरे झालं. भोंगे काढा."

"आणि वोल्नीचा सूर कोण वाजवणार?" फिलोसियाने विचारले.

तिने स्वतःच घरी येऊन मला खिळ्यावरून उतरवले.

"बाई कधी भोंगा वाजवते का?" ताफ्यातला एक जण कुरकुरला.

"नवरा कोठडीत असला की वाजवते."

तिने जोरात फुंकले. आधी माझ्यातून एक कोळी बाहेर पडला, मग धूळ, आणि मग माझा आवाज. मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आले असते, पण बांबूला तशी सोय नाही.

दुपारी ताफा वकिलातीच्या फाटकाशी उभा राहिला. पहारेकरी धावत आला. "ए, घोषणा चालणार नाहीत इथे!"

"घोषणा कुठं देतोय बाबा?" काका म्हणाला. "साहेबांना सलामी देतोय."

आणि आम्ही वाजलो. फिलोसिया दोनदा चुकली, शेजारच्या भोंग्याने तिला सांभाळून घेतले. रांगेतली माणसे टाळ्या वाजवू लागली. थोड्याच वेळात दार उघडले. कोटाचे बटण लावत, गालात हसत कॉन्सुल साहेब स्वतः आले. परदेशातला साहेब झाला तरी लेओगानचाच पोर. सलामी ऐकून त्याचे पाय आपोआप उठले, हात आपोआप खिशात गेला. त्याने नोट पुढे केली.

काकाने हात मागे घेतले. "पैसे नकोत, साहेब."

"मग काय हवं?"

"माझा नवरा," फिलोसिया म्हणाली.

"माझा भाऊ!" रांगेतून कुणी ओरडले. "माझी पोरगी!"

साहेबाचे हसू विरले. "हे पाहा, इथल्या सरकारपुढे माझ्या हातात काय आहे?"

"कपाटाची किल्ली तर आहे ना?"

रांग खदखदून हसली. साहेब आत वळणार, तोच काका हळूच म्हणाला, "गाणं तयार आहे, साहेब. तुमची आई अजून लेओगानलाच राहते ना? ईस्टरच्या आत गावाकडचा ताफा ते तिच्या दारात वाजवेल."

"आईला मध्ये आणू नका!"

"मग तुम्ही चला."

आणि साहेब चालले. हातात पासपोर्टांचा गठ्ठा आणि मागे आम्ही. कोठडीच्या दारात आधी त्याची जीभ अडखळली. मग मात्र तिथल्या अधिकाऱ्याला तो ठणकावून म्हणाला, "ही माझी माणसं आहेत." हे त्याला येत होते तर! मग इतकी वर्षे कुठे ठेवले होते?

वोल्नी बाहेर आला. दाढी वाढलेली, पायात एकच बूट. बायकोच्या हातात मला बघून त्याचे डोळे भरले, आणि तोंडाने काय म्हणाला असेल?

"फुगा फुगवल्यासारखं फुंकलंस ना? गाल बघ तुझे."

"गप चल घरी."

गोड गोष्ट सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. ज्यांचे पासपोर्ट कपाटात होते ते सुटले. ज्यांचे कागद कधी झालेच नव्हते, त्यांना घेऊन ट्रक पहाटे गेला. त्यात आमच्या गल्लीतल्या मारी-कार्मेल मावशीची मुलगी होती. पण सोमवारी मावशी खिडकीपाशी गेली, तेव्हा तिच्या एका बाजूला फिलोसिया होती, दुसऱ्या बाजूला वोल्नी आणि मागे सगळी गल्ली. कारकून सवयीने ओरडला, "एकेक जण!" कुणी हलले नाही. त्याने निमूटपणे कागदांसाठी मुलीचे नाव लिहून घेतले.

मित्रांनो, जुने वाद्य भीतीपोटी टांगून ठेवू नका. न फुंकलेला बांबू आतून किडतो. आणि कुठल्याही खिडकीपुढे कुणी एकटे दिसले, तर लांबून हळहळू नका. शेजारी जाऊन उभे राहा. मावशीची मुलगी परत येईपर्यंत आम्ही रोज सकाळी जातो आहोत. तुम्हीही या. फाटकाच्या डावीकडे सावली असते.