‘जगन्मंथन’चा ऑक्टोबरचा अंक

नेरूळला बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या श्यामसुंदर लिमयांनी निवृत्तीनंतर आजोबांच्या मासिकाचा इतिहास लिहायला घेतला आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. ‘जगन्मंथन’ दुसऱ्या महायुद्धात सहा वर्षं चाललं. जर्मन फौजा कुठवर आल्या, जपान काय करणार, हे संपादक आजोबा दादरच्या एका खोलीत बसून जगाला ठणकावून सांगत.

घोळ एवढाच, की पहिली दोन वर्षं त्यांनी जर्मन हुकूमशहाची तोंडभरून स्तुती केली होती. घराण्याची शोभा व्हायला नको म्हणून श्यामसुंदरांनी बांधीव खंडांतली ती पानं ब्लेडनं कापली, रद्दीत घातली आणि मग खंड वाचनालयाला भेट दिले. एरवी कुणी पुस्तकाचं पान दुमडलं तरी डाफरणारा हा माणूस! दुसरीकडे कुठे ते अंक शिल्लक नव्हते, हे त्यांनी आधी शोधून ठेवलं होतं.

पुस्तक निघालं, सोसायटीच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ झालं. आठवड्यानं संघमित्रा दारात उभी. जवळच्या जासई गावची, इथल्याच एका कॉलेजात शिकवणारी. तिचे पणजोबा सदू मिठागरावर मजूर होते, रात्रशाळेत लिहायला शिकलेले. त्यांनी जन्मात एकच पत्र छापायला पाठवलं होतं.

“काका, वाचनालयातल्या खंडात १९४०च्या ऑक्टोबरची पानंच नाहीत. तुमच्याकडे तो अंक वेगळा आहे का? पत्र छापून आलं होतं हे आमच्याकडे सगळे सांगतात, पण त्यात काय होतं ते कुणालाच माहीत नाही. आजी नव्वदीला आलीय.”

कापण्याआधी ते पत्र श्यामसुंदरांनी इतक्यांदा वाचलं होतं, की डोळे मिटले तरी दिसायचं.

“वाळवी लागली हो त्याला,” ते म्हणाले. बाराव्या मजल्यावर वाळवी! त्यांचे स्वतःचेच कान तापले.

संघमित्रा खट्टू झाली, पण समजूत तिनंच काढली. “असू द्या. तुम्ही तरी काय करणार? थोडंफार आठवतंय का?”

इथे गप्प बसले असते तर सुटले असते. पण पोरीचा चेहरा बघवेना. “‘जन्मावरून माणसाची किंमत करणाऱ्यास आपण थोर म्हणता. असले थोर आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्यांची विहीर आम्ही लांबूनच पाहतो...’” ते बोलत गेले, ती भराभर लिहीत गेली. शेवटपर्यंत एक शब्द अडला नाही.

मग तिचं पेन थांबलं. “वाळवीनं खाल्लेलं इतकं पाठ कसं, काका?”

पुन्हा खोटं बोलायचं त्राण नव्हतं. “मीच कापलं. आजोबांची लाज वाटली म्हणून. आता माझी वाटतेय.”

ती उठून गेली तर बरं, असं त्यांना वाटलं. ती बसून राहिली.

“पत्राखाली संपादकांची टीप होती?”

“होती.”

“सांगा. तीपण लिहून घेते.”

“नको गं, पोरी.”

“सांगा, काका.”

सत्तरीचे श्यामसुंदर मान खाली घालून म्हणाले, “‘मिठागरावरच्या अस्पृश्य मजुराने युरोपच्या राजकारणावर मत द्यावे, ही या महायुद्धातली सर्वांत मोठी गंमत. संपादक.’”

तिनं शब्दन् शब्द उतरवला. “‘सर्वांत मोठी गंमत’. बरोबर?”

“बरोबर,” ते म्हणाले.