मला स्कूटरचे तेल पाजले

मित्रांनो, मी होडीच्या मागच्या फळीला अडकवलेले एक जुने इंजिन आहे. मला गोड बोलता येत नाही. माझी हकीकत तुम्हाला आवडेल, याचीही खात्री नाही. पण जे झाले ते सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पाठीवर एक पट्टी चिकटवली : 'पेट्रोलमध्ये होडीच्या इंजिनाचेच तेल मिसळावे.' अक्षर बारीक होते, पण वाचता येण्याजोगे. मग एका नावाड्याने मला विकत घेतले. नदीपलीकडच्या कापडगिरणीत कामगारांना रोज सकाळी पोहोचवणे हे आमचे काम. "घड्याळ चुकेल, हे इंजिन नाही," असे कामगार म्हणत. मी फुशारून जाई.

पट्टीवर सांगितलेले माझे तेल नावाड्याचा मेहुणा आणत असे. त्याचे स्कूटरदुरुस्तीचे दुकान होते. दोघांचे विळ्याभोपळ्याएवढे सख्य! एकदा काठावर सगळ्यांदेखत मेहुणा म्हणाला, "जावईबापू, होडी तुमची असेल, पण चालते माझ्या तेलावर." कामगार खो खो हसले. नावाड्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

पुढच्या वेळी मेहुणा तेलाचा डबा घेऊन घरी आला, तेव्हा नावाडी दारातच आडवा उभा राहिला.

"परत ने तो. तुझ्या तेलावाचून माझं अडत नाही."

"अहो, तेलावर कसला राग?"

"आधी पायरी उतर."

नावाड्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरे तेल आणले. बायको म्हणाली, "अहो, यावर तर स्कूटरचं चित्र आहे."

"तेल ते तेल. भावाची वकिली बंद कर."

मित्रांनो, स्कूटरच्या इंजिनाला थंड करायला फक्त वारा असतो, म्हणून ते चांगलेच तापते. माझ्या अंगात नदीचे पाणी खेळते, म्हणून मी थंड असते. तापणाऱ्या इंजिनासाठी केलेले तेल माझ्या पोटात नीट जळत नाही. मागे राख उरते. ती दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, कड्यांत साचते आणि कडी चिकटून बसतात. मी खोकले, धूर ओकले. नावाड्याने मला लाथ घातली. "नखरे करतंय," म्हणाला. त्या लाथेचा राग अजून गेलेला नाही.

एका सकाळी भरल्या होडीसकट मी नदीच्या मधोमध बंद पडले. धार आम्हाला बंधाऱ्याकडे ओढू लागली. नावाड्याने जिवाच्या आकांताने वल्ही मारली, म्हणून सगळे वाचले; पण गुडघाभर चिखल तुडवत कामगार पोहोचले तेव्हा गिरणीचे फाटक बंद झाले होते. मुकादमाने सुनावले, "सोमवारपर्यंत इंजिन सुरू झालं नाही, तर फेरी दुसऱ्याच्या होडीला."

म्हणजे घरची चूल विझणार. तरीही नावाडी मेहुण्याकडे जाईना. दिवसभर माझी दोरी ओढत बसला. तळहात सोलून निघाले. शेवटी बायकोने मला हातगाडीवर घातले.

"तुम्ही बसा तुमचा मान सांभाळत. मी दादाकडे नेते."

मेहुण्याने मला उघडले, राख खरवडली, नवी कडी बसवली. तो काही साधुसंत नव्हता. पाना फिरवताना, "तुझा मालक म्हणजे अकलेचा कांदा," असे मलाच ऐकवत होता. जणू मी मालक निवडला होता!

रविवारी संध्याकाळी नावाडी दुकानापाशी आला. आत पाऊल टाकीना. बराच वेळ चौकट धरून उभा राहिला. मग चौकटीलाच विचारल्यासारखे म्हणाला, "तेल कोणतं घालायचं?"

मेहुण्याने मान वर केली नाही. "होडीच्या इंजिनाचं. डब्यावर लिहिलेलं असतं. स्कूटर दिसली की डबा खाली ठेवायचा."

"हसू नकोस."

"हसलो का मी?"

खरेच, तो हसला नव्हता.

सोमवारी मी सुरू झाले आणि फेरी वाचली. माझ्या पोटातले ओरखडे मात्र जन्माचे. धारेविरुद्ध जाताना मला अजून धाप लागते. त्या दोघांचे आजही पटत नाही, आणि ते पटवणे माझ्यासारख्या इंजिनाचे काम नव्हे.

मित्रांनो, तुम्हीही खुशाल भांडा. फक्त ते भांडण आमच्या टाकीत ओतू नका.