भिंगरीची गोगलगाय

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक कोपरा होता. तिथे कुणी कधी काही लावलं नव्हतं, म्हणूनच सगळं उगवलं होतं. वादळात आडवं झालेलं एक झाड तसंच कुजत पडलं होतं, त्यावर वेली, खाली घोटाभर वाळका पाला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्याला उकिरडा म्हणत. विज्ञानाच्या बाई जंगल म्हणत. सहावीची मुलं अर्थातच विज्ञानाच्या बाईंच्या बाजूची, कारण उकिरड्यात तास होत नाही आणि जंगलात होतो.

शहरातल्या मुलांना निसर्ग दाखवायला लांबची सहलच काढावी लागते, हे बाईंना मुळीच मान्य नव्हतं. त्या वर्गाला कोपऱ्यात नेत आणि म्हणत, "आता गप्प बसा आणि बघा, इथे कोण कोण राहतं." प्रत्येकाने आपापला भाडेकरू निवडला होता. कुणी कोळी, कुणी भुंगा, कुणी खोडाखालचा बेडूक. भिंगरीने निवडली गोगलगाय. ही मुलगी एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिचं खरं नाव वर्ग केव्हाच विसरला होता. तिने इतका सावकाश प्राणी का निवडावा, याचं बाईंना नवल वाटलं.

"तिला माझ्यापासून पळता येत नाही ना," भिंगरीने सांगून टाकलं.

आता त्या कोपऱ्यावर संकट आलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना शाळेच्या बस उभ्या करायला जागा हवी होती आणि मोठ्या बाईंनी लगेच उकिरड्याकडे बोट दाखवलं होतं. बाईंनी हातापाया पडून एवढंच पदरात पाडून घेतलं, की सोमवारी अध्यक्षांनी स्वतः येऊन बघावं आणि मग काय ते ठरवावं. शनिवारी त्यांनी वर्गाला बजावलं, "सोमवारी पाहुणे येणार आहेत. हे जंगल आपलं आहे. आपल्या घरासारखं जपायचं. कळलं?"

"हो बाई!" वर्ग एका सुरात म्हणाला, आणि तिथेच माशी शिंकली.

सोमवारी सकाळी बाई कोपऱ्यात पोचल्या आणि त्यांना तो ओळखूच येईना. जमीन लख्ख झाडलेली. वेली उपटलेल्या. कुजकं खोड ढकलत ढकलत फाटकापाशी नेलेलं. दगड धुऊन ओळीने मांडलेले. भिंतीशी पाल्याची पोती तोंड बांधून उभी होती, आणि पोत्यांपुढे खराटे घेतलेली मुलं, अंगभर मळलेली आणि भलतीच खूश.

"कालचा अख्खा रविवार आणि आजची सकाळ गेली बाई!" भिंगरी उड्या मारत म्हणाली. "पाहुणे येणार म्हटलं की आई घर कसं झाडून काढते, तसंच केलं. दगड मी घासलेत, ब्रशने!"

बाईंना राग आला, रडूही आलं, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. मुलांनी त्यांचा शब्दन् शब्द पाळला होता. जपायचं म्हणजे झाडून पुसून ठेवायचं, हेच तर ती जन्मापासून ऐकत आली होती. ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने?

"बरं," त्या म्हणाल्या. "आता आपापले भाडेकरू शोधून ठेवा. अध्यक्ष येतीलच."

मुलं पांगली आणि जरा वेळाने एकेक करून परत आली.

"बाई, माझ्या कोळ्याचं जाळंच नाही."

"ते मीच काढलं," दुसरा हळूच म्हणाला.

भिंगरी सगळे दगड उलटेपालटे करून आली. "बाई, कुणीच घरी नाहीये."

"घर आहे कुठे?" बाई म्हणाल्या.

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. ती पोत्यांकडे बघत राहिली.

तेवढ्यात मोठ्या बाईंबरोबर अध्यक्ष आलेच. "वा!" ते म्हणाले. "जागा तर तयारच आहे की! चार बस आरामात मावतील. एवढी छान सफाई केली कुणी?"

भिंगरी धावत गेली, एक पोतं फरफटत घेऊन आली आणि अध्यक्षांच्या बुटांसमोर रिकामं केलं. पाठोपाठ दुसऱ्याने आणलं, तिसऱ्याने आणलं. धुळीने अध्यक्षांना ठसका लागला.

"अगं, अगं! काय चाललंय हे?" मोठ्या बाई किंचाळल्या.

"आम्ही त्यांना घराबाहेर काढलं," भिंगरी रडत म्हणाली. "आम्हाला माहीत नव्हतं. आता परत आणतोय."

पाल्यातून एक भुंगा निघाला आणि अध्यक्षांच्या बुटाला वळसा घालून चालता झाला. मग काही मुंग्या. अध्यक्षांनी आणखी थोडी वाट पाहिली.

"बाई, तुम्ही जंगल म्हणत होतात ना?"

"शनिवारी होतं," बाई म्हणाल्या. "घरासारखं जपा असं मीच सांगितलं, मुलांनी जपलं. चूक माझी आहे. थोडी मुदत द्या. कुणी राहायला परत आलं नाही, तर खुशाल बस आणा."

अध्यक्ष कामापुरतं बोलणारे, पण काही दगड नव्हते. सहामाही परीक्षेपर्यंत थांबतो, म्हणाले.

खोड पुन्हा जागेवर गेलं, पाला पसरला. मग बाईंनी वर्गाला सर्वांत अवघड गृहपाठ दिला. काहीही करायचं नाही.

"थोडं पाणी घालू?"

"नको."

"नुसतं उचकून बघू?"

"हात लावलास तर याद राख."

भिंगरीचे तर हालच झाले. रोज मधल्या सुट्टीत ती कोपऱ्यात येऊन बसायची. आधी पाय हलवत, मग हळूहळू पाय न हलवता. कोळ्याने नवं जाळं विणलं. बेडूकही आला, तोच की दुसरा कुणास ठाऊक, पण मालकाने तोच म्हणून कबूल केला. गोगलगाय तेवढी येईना.

"बाई, रागावली असेल का ती?"

"छे गं. सावकाश चालते, तिला वेळ लागणारच," बाई म्हणाल्या. खराट्याखाली काय काय चिरडलं गेलं असेल याचा त्यांना अंदाज होता, आणि त्यांचा जीव तुटत होता.

परीक्षा तोंडावर आली तसे अध्यक्ष पुन्हा आले. मोठ्या बाई लांबूनच हातवारे करत बस कशा लावता येतील ते सांगत होत्या. भिंगरी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

"अगं, पाहुणे आलेत! उठून उभी राहा!" मोठ्या बाई ओरडल्या.

भिंगरी हलली नाही. मागे न बघताच तिने बोट ओठांवर ठेवलं. बाई घाईने पुढे झाल्या. घासलेला एक दगड जागेवर ठेवायचा राहून गेला होता. त्याच्यावर एक चकचकीत ओली रेघ उमटली होती आणि रेघेच्या टोकाला, पाल्याच्या कडेशी, एक तपकिरी शंख सरकत होता. बाईंना हुंदका आला, तो त्यांनी तोंडावर हात ठेवून आतच दाबला.

अध्यक्ष गुडघ्यावर हात टेकून वाकले. "काय आहे?"

"हळू बोला," भिंगरी कुजबुजली. "आत्ताच घरी आलीय."

अध्यक्षांनी बराच वेळ बघितलं. मग तेही मोठ्या बाईंकडे वळून कुजबुजले, "बस दुसरीकडे लावा."