डोळा लागला तर

साधना लेकीला पाजायची ती उभ्यानं. खांबाला पाठ लावून, दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे घट्ट. बावीस दिवसांची बाळंतीण, पाय लटलट कापायचे, पण बसेल तर शपथ. बाळंतिणीनं असं उभं राहू नये हे काय कुणी सांगायला हवं? वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या धनगरवाड्यातल्या बायकांनी सांगून पाहिलं, हसून पाहिलं, आणि शेवटी "हिची तऱ्हाच न्यारी" म्हणून आपापल्या शेरडांमागं निघून गेल्या.

साधनाला बसायचीच भीती होती. बसलं की डोळा लागतो, आणि डोळा लागला की पोर जातं, एवढंच तिला ठाऊक. दोन वर्षांमागं तिचा पहिला मुलगा, दीड महिन्याचा बिरू, असाच तिच्या मांडीवर पीत होता. भर दुपार होती. भिंतीला टेकल्या टेकल्या तिला झोप लागली. जाग आली तेव्हा पोर छातीशीच होतं, ओठाला दूध होतं, आणि अंग गार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कारण सांगता येत नाही. घरात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्या न बोलण्यानंच तिच्या मनात घर केलं. सगळ्यांना कळलंय आणि सगळे गिळून बसलेत, असं ती धरून चालली.

आता ही मुलगी झाली. नवरा रोहिदास सारोळ्याला हायवेवरच्या हॉटेलात कामाला, आठवड्यानं घरी यायचा, म्हणून बारसंही राहिलेलं. साधना जिभेखाली मिरचीचा तुकडा धरून जागायची. डोळ्यांवर गार पाणी मारायची. पाच-सहा दिवसांत तिला आपलेच हात परके वाटायला लागले. झोळी हलवताना ती त्यांच्याकडं बघत राही. मुलगीही आपल्या तोंडाकडं न बघता हातांकडंच बघते, असं तिच्या मनानं घेतलं. हिला ठाऊक आहे, असं तिला वाटायचं. मग पाजणं अर्ध्यावर टाकून ती पोरीला झोळीत ठेवी आणि दारात जाऊन उभी राही. पोरगी भुकेनं रडायची, आणि ते रडू ऐकून हिला हायसं वाटायचं. रडतेय म्हणजे आहे. गप्प झाली की हिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

गावच्या आशा सेविका नूतनताई वजनकाटा घेऊन आल्या. पोरीला काट्याला लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वजन वाढायचं सोडून कमी झालंय, मावशी," त्या साधनाच्या सासूला, धोंडाबाईला म्हणाल्या. "परवा परत येते. तेव्हाही असंच असलं तर हिला भोरला दवाखान्यात न्यावं लागंल."

धोंडाबाईची हयात शेरडांत गेलेली. बाई तोंडानं फटकळ, पण जिवाला जीव देणारी. तिला या सगळ्यातलं एकच कळलं, की आई पिलाला घेत नाही. आणि त्यावर तिच्याकडं उपाय होता. शेळीचं करडू मेलं, की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या करडाच्या पाठीवर बांधायचं. शेळी हुंगते, आपलंच समजते आणि पाजते. चाळीस वर्षांत कितीतरी करडं तिनं अशी जगवली होती. बाईच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधना अंघोळ करून आली तर घर गप्प. ती धावत झोळीपाशी गेली. झोळीत बिरू होता. तेच पिवळं झबलं, छातीशी दुधाचा वाळका डाग, तेच लाल टोपरं. बिरूनं पाय हलवले.

"घे आता," मागून धोंडाबाई म्हणाली. "पेटीत जपून ठिवलं हुतं म्या. धुतलंबी न्हाई. हुंगून बघ, वास हाय त्याचा."

साधनाच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं पोरीला उचललं, टोपरं काढून फेकलं, झबल्याचे बंद सोडले. उघडी पडली तशी पोरगी रडायला लागली.

"ह्यो बिरू न्हाई," साधना म्हणाली. "बिरू मेला, आत्या. म्या मारला त्याला. माज्या छातीशी घुसमटला त्यो."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. धोंडाबाई खाली बसली. फेकलेलं टोपरं तिनं उचलून मांडीवर घेतलं.

"माज्याबी मनात आलं हुतं त्ये," ती म्हणाली. "लई येळा आलं. खोटं कशाला बोलू? पन खरं काय झालं त्ये ना तुला ठाव, ना मला. तीन रात्री जागली हुतीस तू. पोर माज्याकडं दे आन पड जरा, आसं म्या म्हनायला पायजे हुतं. म्या पल्याड घोरत पडले हुते. तवापास्नं तुज्या तोंडाकडं बघायची लाज वाटती मला, म्हनून गप ऱ्हायले."

ज्या गप्प बसण्याला साधना दोन वर्षं आरोप समजत होती, ती लाज होती. तिला सासूचा राग आला, खूप राग आला, आणि त्याच्या पाठोपाठ रडू फुटलं. पोरगी तोंड फिरवून दूध शोधत होती. साधनाचे पाय आता धरेनात. ती भिंतीला टेकून बसली आणि तिनं पोरीला पदराखाली घेतलं. पोरगी अधाशासारखी प्यायला लागली. साधनाच्या पापण्या जड झाल्या.

"आत्या, माजा डोळा लागला तर?"

"लागू दे. म्या बसले न्हवं हितं."

"तुमचाबी लागला तर?"

धोंडाबाईनं उगाच शपथ घेतली नाही. तिनं विचार केला, मग उठून दारातून शेजारणीला हाक मारली. "बनाबाई, काम टाक आन हितं येऊन बस. आमाला दोगींना झोपायचं हाय."

बनाबाई हात पुसत आली. काही न विचारता पोरीजवळ बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. साधनानं एकदा तिच्याकडं नीट बघून घेतलं आणि डोळे मिटले.